काढून टाकलेला कळफलक

माझ्या सासूबाईंना एकदा शेजारणीनं विचारलं, "तुमची सून दिवसभर त्या खोलीत बसून करते तरी काय?" सासूबाई अंगणात पालकाच्या जुड्या बांधत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "कंपूटरच्या आतल्या चिजा एकमेकीशी भांडतात, ते त्याइचं जुळवून देते."

वीस वर्षं मी हे काम करते आहे आणि त्याचं इतकं नेमकं वर्णन मला स्वतःला कधी जमलेलं नाही. रिसोडजवळ आमचा भाजीचा मळा आहे. घरातली बाकी माणसं वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवतात, सकाळी बाजारात पाठवतात. मी एकटीच पडद्यासमोर. माझ्याबरोबर काम करणारी माणसं दहाबारा देशांत पसरलेली आहेत आणि त्यातल्या दोघांनाच मी प्रत्यक्ष भेटले आहे.

काम काय, ते आधी सांगते. लिनक्स नावाची एक संगणकप्रणाली आहे, कोणीही फुकट घ्यावी, वापरावी, बदलावी अशी. तिच्या बरोबर हजारो प्रोग्रॅम येतात: पत्रं लिहायचे, फोटो बघायचे, गाणी वाजवायचे. हे प्रोग्रॅम जगभरातल्या हजारो लोकांनी आपापल्या घरी, आपापल्या पद्धतीनं लिहिलेले असतात. ते सगळे गोळा करून, एकमेकांशी जुळतील असे करून, लोकांच्या हाती द्यायचे, हे आमचं काम. एकेका प्रोग्रॅमच्या गाठोड्याला आम्ही पॅकेज म्हणतो.

प्रोग्रॅम लिहिला म्हणजे चालतो असं नाही. लिहिलेल्या मजकुरापासून चालणारी वस्तू तयार करावी लागते. त्याला आम्ही बांधणी म्हणतो आणि ती करणाऱ्या अवजाराला बिल्ड टूल. प्रत्येक प्रोग्रॅमच्या लेखकानं त्या टूलसाठी एक कृती लिहून ठेवलेली असते: आधी हे शोध, मग ते जोड, हे सापडलं नाही तर ते वगळ. कृतीच्या पहिल्या ओळीत एक आकडा असतो. "मी टूलच्या अमुक आवृत्तीच्या काळात लिहिलेली आहे, माझा अर्थ त्या काळच्या नियमांनी लाव," असं तो आकडा सांगतो.

टूल दरवर्षी नवं होत जातं, पण जुने नियमही लक्षात ठेवतं. म्हणून पंधरा वर्षांपूर्वीची कृतीसुद्धा बिनबोभाट चालते. चालते म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. आणि मग एक दिवस टूल बनवणारे जाहीर करतात की पुढच्या आवृत्तीत फार जुने नियम काढून टाकणार. त्यांचंही चूक नाही. किती वर्षं किती ओझं वाहायचं? पण त्या दिवशी पहिल्या ओळीत जुना आकडा असलेलं प्रत्येक पॅकेज बांधायचं थांबतं.

असा दिवस आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी आला. नवी आवृत्ती घेण्याआधी आम्ही सगळी पॅकेजेस तिच्यावर बांधून पाहिली. सोमवारी सकाळी निकालाची यादी उघडली तर पानामागून पान लाल. शेकडो पॅकेजेस अडली होती. ती सरळ करण्याची मुख्य जबाबदारी माझ्याकडे होती.

बहुतेक ठिकाणी दुरुस्ती एका आकड्याची असते. पण आपण परस्पर बदलायचं नाही, लेखकाला कळवायचं, असा आमचा रिवाज आहे. मी पत्रं लिहीत सुटले. कोणी लगेच उत्तर देई, कोणी महिन्यानं, कोणी रागावून. समुद्राच्या भरती-ओहोटीच्या वेळा काढून देणारा एक प्रोग्रॅम होता. त्याचे लेखक एका बेटावर राहणारे निवृत्त खलाशी. त्यांचं उत्तर आलं, "माझा प्रोग्रॅम पूर्ण झालेला आहे. भरती-ओहोटी बदललेली नाही. मग मी का बदलू?" मी आयुष्यात एकदाच समुद्र पाहिलेला, त्यांच्याशी काय वाद घालणार? मी नम्रपणे लिहिलं की आपलं गणित बरोबरच आहे, फक्त ते ज्या दारातून आत येतं त्याची चौकट बदलली आहे. तीन आठवड्यांनी त्यांनी स्वतःच आकडा बदलला आणि सोबत एक ओळ पाठवली: "केलं. आता मी असेपर्यंत पुन्हा त्रास देऊ नका." ती ओळ वाचून मी हसले होते. आता आठवली की हसू येत नाही. माझ्या यादीतल्या अर्ध्याअधिक लेखकांनी उत्तरच दिलं नव्हतं, आणि त्यातले किती हयात आहेत हे मला माहीत नव्हतं.

अशा अडलेल्या पॅकेजसाठी टूलमध्येच एक पळवाट असते. बांधताना एक सूचना जोडायची की, कृतीत जुना आकडा असला तरी नवा आहे असं धरून चाल. टूल मुकाट्यानं पुढे जातं आणि पॅकेज बांधून होतं. पण "बांधून झालं" आणि "बरोबर बांधलं" यांत अंतर असतं. जुन्या काळी एका अर्थानं लिहिलेलं वाक्य नव्या नियमांनी वाचलं की कधी कधी उलटा अर्थ निघतो, आणि टूल तक्रारही करत नाही. फोटो बघण्याचा एक प्रोग्रॅम मी असाच पळवाटेनं बांधला होता. महिन्याभरानं कोणीतरी कळवलं की त्यात एका प्रकारचे फोटो उघडतच नाहीत. बांधणीत तो भाग गुपचूप गळून पडला होता. तेव्हापासून मी नव्या लोकांना बजावून सांगायची, की पळवाटेनं बांधलेलं पॅकेज हातानं चालवून पाहिल्याशिवाय पाठवायचं नाही.

आणि जी पॅकेजेस कशानंच मार्गी लागत नाहीत, ज्यांचा लेखक सापडत नाही आणि ज्यांची जबाबदारी घ्यायला कोणी पुढे येत नाही, ती काढून टाकायची. त्याचीही रीत आहे. आधी सूचना लावायची, दोन महिने वाट पाहायची, मग कारण लिहून काढायचं.

त्या उन्हाळ्यात मी अशी बरीच पॅकेजेस काढली. त्यात एक पडद्यावरचा कळफलक होता. ज्यांना हात चालवता येत नाहीत त्यांच्यासाठी. पडद्यावर अक्षरांच्या रांगा दिसतात, एक उजळ पट्टी रांगांवरून सरकत जाते, हव्या त्या रांगेवर आली की एक बटन दाबायचं, मग ती त्या रांगेतल्या अक्षरांवरून सरकते, हव्या त्या अक्षरावर पुन्हा दाबायचं. एका बटनावर माणूस वाक्य लिहू शकतो आणि प्रोग्रॅम ते वाचून दाखवतो. त्याच्या लेखकाचा सहा वर्षांत कुठे मागमूस नव्हता. सूचनेला कोणी हरकत घेतली नाही. कोण काय वापरतं याची नोंद आमची प्रणाली ठेवत नाही, आणि ठेवू नये हेच बरोबर आहे. पण त्यामुळे गप्प असलेला माणूस आम्हाला दिसतच नाही. कारणाच्या जागी मी लिहिलं, "बांधणी होत नाही, लेखक निष्क्रिय, वापर नसावा." आणि पुढच्या पॅकेजकडे वळले.

पाचसहा महिन्यांनी, थंडीच्या सुरुवातीला, दुपारी जेवत असताना फोन आला.

"तुमीच का त्या लिनक्सवाल्या मॅडम? रिसोडच्या?"

मी हो म्हटलं.

"मी सुनीता बोलून राह्यली, कामरगावहून. शाळेत शिकवते. माह्या बाबाचा कळफलक तुमी काढून टाकला का?"

मला क्षणभर कळेना. मग तिनं सगळं सांगितलं. तिचे वडील रतनलालजी. कामरगावात त्यांचं किराणा-कापडाचं दुकान. चार वर्षांपूर्वी त्यांना मज्जातंतूंचा आजार झाला. आधी हात गेले, मग पाय, मग वाचा. डोकं मात्र पहिल्यासारखं तल्लख. उजव्या हाताचं मधलं बोट तेवढं हलतं. बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या अमरावतीच्या एका बाईंनी त्यांना लॅपटॉपवर हा कळफलक बसवून दिला होता. तीन वर्षं ते त्या एका बोटावर बोलत होते. लॅपटॉपवरची प्रणाली जुनी झाली, तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळायच्या बंद झाल्या, म्हणून घरच्यांनी कारंज्याच्या एका संगणक-दुकानदाराकडून ती नवी करून घेतली. नवी प्रणाली आली आणि कळफलक गेला. त्या दुकानदारानं शोध घेतला तेव्हा त्याला काढून टाकल्याची नोंद दिसली आणि नोंदीखाली माझं नाव. मागे मी कारंज्याच्या कॉलेजात एकदा बोलायला गेले होते, ते त्याच्या लक्षात होतं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"आज दहावा दिवस."

मग आवाज खाली घेऊन ती म्हणाली, "मॅडम, तेवढंच असतं तर मी थांबली असती. बाबांनी चार दिवसांपासून खाणं बंद केलं. चमचा नेला की तोंड घट्ट मिटून घेतात. आमचे मोठे काका म्हणतात, त्यानं अन्नाचा त्याग केला, त्याले आता अडवू नका. आमच्या जैनाइत शेवटी तसं करतात, मी त्याले नाव नाई ठेवत. पण मले बाबाच्या तोंडून ऐकायचं हाय. मले ते खरं वाटून नाई राह्यलं."

"डोळ्यांच्या खुणेनं विचारलं का?"

"विचारलं ना. आई अक्षरं म्हणते, ते डोळे मिटतात. 'द'वर मिटले. काका म्हणाले, देव म्हणून राह्यला. मंग त्याइचे डोळे थकले. दुसऱ्या दिवशीही तेच, 'द'. काकानं विचारलं, देवाचं नाव घ्यायचं का? डोळे मिटले. आता ते हो म्हणाले का थकून मिटले, कोणाले समजते?"

मी ताटावरून उठले. माझ्या मनात तेव्हा काय आलं ते प्रामाणिकपणे सांगते. आधी आलं की, सूचना दोन महिने लावली होती, नियमात काही चुकलेलं नाही. मग त्या विचाराचीच लाज वाटली.

जुनी बांधलेली प्रत नव्या प्रणालीवर बसत नव्हती, कारण तिला लागणारे जोडभाग बदलले होते. सगळी प्रणालीच मागे न्यायची तर लॅपटॉप पुसून भरावा लागला असता, आणि त्यात त्यांची तीन वर्षांत साठलेली शब्दांची यादी जायची भीती होती. म्हणून मी कळफलकाचा मूळ मजकूर काढला आणि नव्या टूलवर बांधायला घेतला. पहिल्याच ओळीवर अडला. घाई होती. मी पळवाट वापरली. बांधून झाला. चालवून पाहिला, अक्षरं आली, पट्टी सरकू लागली, माऊसनं अक्षर निवडलं तर आवाजही आला. मी समाधानानं पेन ड्राइव्ह पिशवीत टाकला. एका बटनावर चालवून पाहायला हवं होतं. तसं बटन माझ्याकडे नव्हतं, हे कारण मी नंतर स्वतःला अनेकदा दिलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं निघाले. वाशिमला बस बदलली, कारंज्याहून जीपनं कामरगावला पोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. सुनीता स्टँडवर उभी होती, चाळिशीची, शाळेत रजा टाकून आलेली. घर दुकानाच्या मागेच. पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग, त्यावर उशांना टेकून बसवलेले रतनलालजी. इतका कृश देह आणि त्यात इतके जागे डोळे मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. पायथ्याशी त्यांचे थोरले भाऊ मोतीलालजी बसून हलक्या आवाजात स्तोत्र म्हणत होते. त्यांचेही डोळे सुजलेले होते. कमलाकाकू, रतनलालजींची बायको, वाटीत भाताची पेज घेऊन नुसत्याच उभ्या होत्या.

सुनीता वडिलांच्या कानाशी वाकली. "बाबा, ह्या रिसोडच्या मॅडम. कळफलक घेऊन आल्या. यायनंच काढला होता, आता यायनंच आणला."

तिनं तसं सांगायला नको होतं असं मला वाटलं. पण ती खरं तेच सांगत होती.

मी लॅपटॉप त्यांच्या समोरच्या स्टँडवर लावला, प्रोग्रॅम बसवला, त्यांचं बटन जोडलं. बटन म्हणजे लाकडाच्या पट्टीवर बसवलेली एक चकती, मधल्या बोटाखाली फडक्यानं बांधलेली. पडद्यावर अक्षरं उजळली. पट्टी पहिल्या रांगेवरून दुसऱ्या रांगेवर गेली. खोलीतले सगळे पुढे सरकले. मोतीलालजींचं स्तोत्र थांबलं.

बोट हललं. चकती दबल्याचा बारीकसा आवाज मी स्वतः ऐकला. पण पट्टी थांबली नाही, तशीच पुढे सरकत राहिली.

पुन्हा बोट हललं. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मी जोडणी तपासली, बटन दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये लावून पाहिलं. बटन ठीक होतं. माझा कळफलकच त्याला ओळखत नव्हता. रतनलालजी दाबत राहिले. मग बोट थांबलं, आणि त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे ओघळलं. कमलाकाकूंनी पदरानं ते टिपलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाई. तुमी आल्या तेच लय झालं."

मी म्हटलं, "काकू, मला थोडा वेळ द्या. माझं चुकलं आहे, ते कुठे चुकलं ते मला माहीत आहे."

खरं तर कुठे ते नेमकं माहीत नव्हतं. कसं चुकलं ते माहीत होतं. मी दुकानाच्या गल्ल्यामागे, कापडाच्या ताग्यांना पाठ टेकून, माझा लॅपटॉप घेऊन बसले. बांधणी करताना टूल प्रत्येक पायरी लिहून ठेवतं. ती लांबलचक नोंद मी काल वाचली नव्हती. आता ओळ न ओळ वाचत गेले. मध्येच कुठेतरी साध्या अक्षरांत, कसलाही इशारा न देता, लिहिलेलं सापडलं: "एक-बटन आधार: वगळला."

कृतीत ते ठिकाण काढलं. लेखकानं एक अट घातली होती: एक-बटन आधार हवा आहे का, ते बघ, हवा असेल तर तो भाग जोड. अटीतलं नाव त्यानं अवतरणचिन्हांत लिहिलं होतं. त्याच्या काळच्या नियमाप्रमाणे टूल त्या नावाचा डबा उघडून आत "हो" आहे की "नाही" ते बघायचं. नव्या नियमात अवतरणचिन्हांतला शब्द म्हणजे नुसता शब्द, डबा उघडायचाच नाही. आत "हो" होतं. कोणी पाहिलंच नाही. मी टूलला सांगितलं होतं की हा माणूस नव्या नियमांनी बोलतो आहे असं धर, आणि त्यानं माझं ऐकलं होतं.

एक जागा सापडली म्हणून मी थांबले नाही. पळवाट काढून टाकली आणि पूर्ण कृती जुन्या अर्थानं समजून घेऊन नव्या नियमांत पुन्हा लिहायला घेतली. तशाच आणखी दोन अटी निघाल्या. मध्ये सुनीतानं चहा आणून ठेवला, तो निवला. गिऱ्हाईक आलं की कमलाकाकू बाहेर येऊन साखर, पोहे देत आणि परत आत जात. एक म्हातारे गृहस्थ मला बघून म्हणाले, "हे कोण नवीन बाई गल्ल्यावर?" काकू म्हणाल्या, "पाहुण्या हायेत. यायचं काम चालू हाय." तीन वाजत आले तेव्हा बांधणी पूर्ण झाली. या वेळी मी नोंद शेवटपर्यंत वाचली. मग आत गेले आणि रतनलालजींना म्हटलं, "काका, पहिल्यांदा मी दाबून बघते." चकती त्यांच्या बोटाखालून काढून घेतली, दाबली. पट्टी थांबली. मगच ती पुन्हा त्यांच्या बोटाला बांधली.

त्यांनी लगेच दाबलं नाही. पट्टी दोनदा पूर्ण फिरू दिली, ती खरीच फिरते आहे ना हे पाहिल्यासारखं. मग दाबलं. "द".

मोतीलालजी पुढे वाकले.

पट्टी पुन्हा वरून सुरू झाली. काना. "दा". पुन्हा वरून. फार वेळ लागला. "ढ".

लॅपटॉपनं आपल्या कोरड्या आवाजात वाचलं: "दाढ."

मग कमलाकाकू एकदम ओरडल्याच, "दाढ? दाढ दुखून राह्यली का तुमची?"

त्यांनी डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवले, कोणाचा काही घोटाळा व्हायला नको म्हणून. नऊ दिवस त्यांची दाढ ठणकत होती. गरम पेजेचा चमचा तिथे लागला की जीव जायचा, म्हणून तोंड मिटत होते. घरच्यांनी पोट विचारलं, घसा विचारला, छाती विचारली. दाढेचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

मोतीलालजी उठून उभे राहिले, परत बसले. पंचाहत्तरीचे, गावात मान असलेले गृहस्थ. भावाचा पाय धरून म्हणाले, "रतन, मी तुह्या तोंडात माहे शब्द घातले रे. मले माफ कर." रतनलालजींचं बोट पुन्हा हललं. बराच वेळ लावून त्यांनी लिहिलं, "तू रोज आला." सुनीता तोवर बाहेर जाऊन कारंज्याच्या दातांच्या डॉक्टरांना फोन लावत होती.

मी पिशवी आवरू लागले. तेव्हा पट्टी पुन्हा सरकू लागलेली दिसली. ते माझ्याकडे बघत होते. मी थांबले. अक्षर अक्षर जमत गेलं आणि आवाज आला: "काहून काढलं?"

या प्रश्नाला देता येतील अशी बरीच उत्तरं माझ्याकडे होती. लेखक सापडत नव्हता, नियम होता, शेकडो पॅकेजेस होती. मी म्हटलं, "काका, मला वाटलं कोणी वापरत नाही."

त्यांनी पट्टीची वाट पाहिली. एक अक्षर, एक वेलांटी. मग आणखी.

"मी होतो."

त्यात राग नव्हता. मला तो असता तर बरं झालं असतं.

दातांचे डॉक्टर संध्याकाळच्या आत घरी येऊन गेले. दाढेखाली गळू झालं होतं. तिसऱ्या दिवशी सुनीताचा फोन आला की बाबांनी वाटीभर पेज घेतली आणि वर लिहिलं की मीठ कमी आहे.

घरी परतल्यावर मी ते पॅकेज स्वतःच्या नावावर घेतलं, दुरुस्त केलेली कृती जोडली आणि परत यादीत घातलं. आमच्या गटातली मार्टा सगळ्या आवृत्त्यांचं वेळापत्रक सांभाळते, काटेकोर बाई. तिनं विचारलं, "याला वापरणारा एकच माणूस आहे ना? पुढच्या प्रत्येक आवृत्तीला हे ओझं घेणार का?" मी तिला लिहिलं की एकच आहे असं नाही, आपल्याला एकच माहीत आहे. दोन दिवसांनी तिनं एक बदल सुचवला, तो आता आमच्या रीतीत आहे: अपंग माणसांच्या उपयोगाचं कुठलंही पॅकेज नुसत्या सूचनेवर काढायचं नाही. कोणीतरी ते आधी हातानं दुरुस्त करायचा खरा प्रयत्न केला पाहिजे, आणि तो काय केला हे लिहिलं पाहिजे. बदल चांगला आहे. पण त्याच उन्हाळ्यात मी काढलेल्या इतर पॅकेजेसची यादी अजून माझ्याकडे आहे. त्यातली काही मी परत आणली, बाकीच्यांबद्दल कोणी फोन केला नाही. फोन न येण्याचा अर्थ काय धरायचा हे मला आता कळेनासं झालं आहे.

रतनलालजी त्यानंतर सव्वा वर्ष जगले. मी तीनदा त्यांना भेटून आले. दुकानात काय ठेवावं, काय ठेवू नये याच्या सूचना ते शेवटपर्यंत देत असत, आणि काकू त्यातल्या निम्म्या ऐकत. गेल्या हिवाळ्याच्या शेवटी त्यांना गिळणं अशक्य झालं. डॉक्टरांनी पोटात नळी घालण्याविषयी विचारलं. सुनीतानं मला नंतर फोनवर सांगितलं, की त्यांनी दोन दिवस घेतले. दोन दिवसांत सहा ओळी लिहिल्या. नळी नको. दवाखाना नको. घरी, सगळ्यांच्यात. मोठ्या भावानं स्तोत्र म्हणावं, पण हळू. काकूंनी दुकान चालू ठेवावं. सगळ्यात शेवटी, सुनीतानं रडू नये असं लिहायला घेतलं आणि मग ते खोडून लिहिलं, "रडली तरी चालते."

"ताई," ती म्हणाली, तोवर मॅडमची ताई झाली होती, "त्या टायमाले मोठ्या काकानं सगळ्याइच्या समोर मोठ्यानं वाचलं. एकानंही नाई विचारलं की त्याइले खरंच असं म्हणायचं व्हतं का."

ते गेल्यावर घरच्यांनी लॅपटॉप अमरावतीच्या त्या बाईंना देऊन टाकला. त्या तो कोणाला देतील, त्यावर काय बसवतील, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

बिल्ड टूलची पुढची आवृत्ती या महिन्यात आली. पुन्हा काही जुने नियम गेले, पुन्हा यादी लाल झाली, पुन्हा मी पत्रं लिहिते आहे. तो कळफलक वापरणारं माझ्या ओळखीचं आता कोणीही नाही. परवा मी तो बांधला, नोंद शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, मुद्दाम मागवून घेतलेल्या एका बटनावर "अ"पासून "ज्ञ"पर्यंत सगळी अक्षरं एकेक करून काढून पाहिली. सकाळ गेली त्यात. मग पाठवून दिला.